सॉफ्टवेअर अभियांत्रिकी

सॉफ्टवेअर अभियांत्रिकी : संगणकाकडून इष्ट काम करून घेण्यासाठी लागणाऱ्या आज्ञावल्या, त्यांना लागणारी माहिती व त्यांसंबंधीची लेखी टिपणे यांना एकत्रितपणे सॉफ्टवेअर म्हणतात. असे सॉफ्टवेअर ठरलेल्या खर्चात व मुदतीत तयार करणे, ते विश्वसनीय व पुढे बदलता येण्याजोगे ठेवणे आणि वापरात असेपर्यंत त्याचे परिरक्षण करणे यांसाठी विकसित झालेल्या पद्धतशीर ज्ञानशाखेला सॉफ्टवेअर अभियांत्रिकी असे म्हणतात. आज्ञावली लिहिणे म्हणजे कार्यक्रमण हा या शाखेचा एक भाग असला, तरी दोन्ही एक नव्हेत. एखाद्याने स्वतःच्या वापरासाठी लिहिलेली शंभर ओळींची आज्ञावली बिघडली, तर तो ती स्वतःच दुरुस्त करतो. याउलट शेकडो व्यक्तींनी मिळून लिहिलेली, लाखो ओळींची आणि जिच्याविषयी काहीही माहिती नसलेल्या लोकांचे प्राण वा पैसा जिच्यावर अवलंबून आहे, अशी आज्ञावली ही निराळ्याच प्रकारची वस्तू असते. संगणकविज्ञानात गणनाची तत्त्वे अभ्यासली जातात. त्यांच्या आधारे टिकाऊ व भरवशाची वस्तू उभी करण्याचे काम सॉफ्टवेअर अभियांत्रिकीत होते.

इतिहास : पहिल्या पिढीतील संगणकांच्या काळात यंत्रसामग्री अतिशय महाग व आज्ञावल्या लहान होत्या. यंत्राचा वेग व स्मृतिक्षमता १९६० च्या सुमारास झपाट्याने वाढू लागली आणि पूर्वी अशक्य वाटणारी कामे संगणकावर सोपविण्यात येऊ लागली. आज्ञावल्यांचा आकार वाढला. परंतु त्या रचण्याची रीत मात्र व्यक्तिगत कौशल्यावर विसंबून राहिली. खर्च अंदाजाबाहेर जाणे, मुदती टळणे व हाती आलेले सॉफ्टवेअर सदोष असणे हे अनुभव सार्वत्रिक झाले. या स्थितीला ‘सॉफ्टवेअर संकट’ असे नाव मिळाले.

उत्तर अटलांटिक करार संघटनेच्या (नाटोच्या) विज्ञान समितीने या प्रश्नाच्या विचारासाठी ऑक्टोबर १९६८ मध्ये पश्चिम जर्मनीतील गार्मिश येथे एक परिषद भरविली. जर्मन गणितज्ञ फ्रीड्रिख बाउअर हे तिचे अध्यक्ष होते. परिषदेच्या शीर्षकातच ‘सॉफ्टवेअर अभियांत्रिकी’ ही संज्ञा मुद्दाम योजण्यात आली होती. पूल वा यंत्रे बांधणाऱ्या अभियंत्यांप्रमाणे सॉफ्टवेअर रचणाऱ्यांनीही सैद्धांतिक पाया व शिस्तबद्ध व्यवहार यांचा अवलंब केला पाहिजे, हा तीमागील आशय होता. अपोलो चांद्रमोहिमेच्या सॉफ्टवेअरचे काम पाहणाऱ्या मार्गारेट हॅमिल्टन यांनीही याच दशकात ही संज्ञा आपल्या कामासाठी वापरली होती. गार्मिशनंतरची दुसरी परिषद १९६९ मध्ये रोम येथे झाली.

त्याच सुमारास आयबीएम या कंपनीच्या ‘सिस्टिम/३६०’ या संगणकमालेसाठी ओएस/३६० ही परिचालन प्रणाली तयार होत होती. तिच्यावर सु. ५,००० मनुष्यवर्षांचे श्रम खर्ची पडले व ती बरीच उशिरा पूर्ण झाली. या प्रकल्पाचे प्रमुख फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात आपल्या अनुभवाचे सार मांडले. रेंगाळलेल्या प्रकल्पावर अधिक माणसे नेमली, तर तो आणखी रेंगाळतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्याचे कारण अंकगणिती आहे. पाच जणांच्या गटात परस्परसंपर्काच्या १० जोड्या होतात, तर पन्नास जणांच्या गटात १,२२५. नव्याने आलेल्यांना काम समजावून देण्यात जुन्या माणसांचा वेळ जातो, तो वेगळाच. गव्हाची कापणी मजूर वाढविल्याने लवकर उरकते. कारण प्रत्येकाला आपापली पात कापताना दुसऱ्याशी बोलावे लागत नाही. सॉफ्टवेअरचे तसे नाही.

सॉफ्टवेअरचे स्वरूप : इतर अभियांत्रिकी शाखांतील वस्तू द्रव्याच्या बनलेल्या असतात. त्या झिजतात, गंजतात, शिणतात. परंतु त्यांच्या वर्तनावर निसर्गनियमांचे बंधन असते व त्यामुळे ते वर्तन बहुधा संततही असते. एका टनाचा भार पेलणारी तुळई ९०० किग्रॅ. भारही पेलणार, हे वेगळे तपासावे लागत नाही. सॉफ्टवेअर झिजत नाही. त्यातील प्रत्येक दोष हा रचनेचाच दोष असतो. तो पहिल्या दिवसापासून तेथे असतो व विशिष्ट परिस्थिती जुळून येईपर्यंत सुप्त राहतो. शिवाय सॉफ्टवेअरचे वर्तन असंतत असते. एखादी आज्ञावली ३२,७६७ या संख्येपर्यंत बिनचूक चालेल आणि ३२,७६८ आली की कोलमडेल. यामुळे अभियंत्याचा नेहमीचा आधार असलेला सुरक्षा गुणक येथे उपयोगी पडत नाही. एकाच आज्ञावलीच्या दोन प्रती दोन यंत्रांवर ठेवल्या, तर दोन्ही एकाच क्षणी एकाच कारणाने बंद पडतात.

ब्रुक्स यांनी १९८६ मध्ये सॉफ्टवेअरच्या अडचणींचे अंगभूत व आनुषंगिक असे दोन वर्ग केले. गैरसोयीची भाषा, मंद यंत्र यांसारख्या आनुषंगिक अडचणी साधने सुधारली की कमी होतात. अंगभूत अडचणी त्यांनी चार सांगितल्या : जटिलता, माणसांनी घालून दिलेल्या मनमानी नियमांशी जुळवून घेण्याची सक्ती, सतत बदलण्याची मागणी आणि अदृश्यता. घराचा नकाशा कागदावर काढता येतो. परंतु सॉफ्टवेअरला अवकाशातील रूपच नसल्यामुळे त्याची संपूर्ण आकृती काढता येत नाही. म्हणून कोणतेही एकच साधन वा तंत्र दहा वर्षांत उत्पादकता व विश्वसनीयता दसपट करील, अशी आशा बाळगू नये, असे त्यांचे प्रतिपादन होते.

विकासाचे टप्पे व प्रतिमाने : सॉफ्टवेअरच्या निर्मितीत सामान्यतः आवश्यकता-निश्चिती, विनिर्देशन, अभिकल्प, आज्ञालेखन, परीक्षण, कार्यान्वयन व परिरक्षण हे टप्पे येतात. यांपैकी पहिला सर्वांत अवघड समजला जातो. बँकेतील कारकून आपले काम वर्षानुवर्षे अचूक करीत असतो; तथापि ‘खातेदार वारला व वारस दोन असले तर काय करता?’ अशा प्रश्नाला तो ‘त्या वेळी पाहतो’ असे उत्तर देतो. संगणकाला ‘त्या वेळी पाहणे’ जमत नाही. माणूस न बोलता पाळत असलेला प्रत्येक नियम आधीच शोधून स्पष्ट शब्दांत मांडावा लागतो. या टप्प्यातील चूक पुढील टप्प्यांत जितकी उशिरा उघडकीस येईल, तितका ती सुधारण्याचा खर्च वाढतो.

हे टप्पे एकापाठोपाठ एक पूर्ण करण्याच्या क्रमाला धबधबा प्रतिमान म्हणतात. त्याचे श्रेय विन्स्टन रॉइस यांच्या १९७० मधील निबंधाला देण्यात येते. परंतु केवळ या क्रमाने जाणे धोक्याचे आहे, असे खुद्द रॉइस यांनीच त्यात बजावले होते. बॅरी बोएम यांनी १९८० नंतरच्या दशकात सर्पिल प्रतिमान मांडले. यात प्रत्येक फेरीत सर्वांत मोठा धोका कोणता ते ठरवून त्याचा निरास केला जातो व मग पुढील फेरी सुरू होते. अमेरिकेतील यूटा राज्यात फेब्रुवारी २००१ मध्ये १७ व्यावसायिकांनी एकत्र येऊन चपळ पद्धतींचा जाहीरनामा काढला. थोड्या थोड्या आठवड्यांनी चालते सॉफ्टवेअर ग्राहकाच्या हाती देणे व त्याच्या अनुभवावरून पुढची दिशा ठरविणे हे या पद्धतींचे सूत्र आहे. गरजा अनिश्चित असतील तेथे त्या उपयुक्त ठरल्या आहेत. विमानाचे नियंत्रण किंवा वैद्यकीय उपकरणे यांसारख्या क्षेत्रांत मात्र पूर्वनियोजन व लेखी पुरावे यांना पर्याय नाही.

अभिकल्पाची तत्त्वे : जटिलता नाहीशी करता येत नाही, ती विभागून आटोक्यात ठेवता येते. डच शास्त्रज्ञ एड्सगर डाइकस्ट्रा यांनी १९६८ मध्ये आज्ञावलीतील स्वैर उड्यांच्या आज्ञेवर टीका केली व संरचित कार्यक्रमणाचा पुरस्कार केला. क्रम, निवड व पुनरावृत्ती या तीनच रचना वापरल्यास आज्ञावली वरून खाली वाचता येते व तिच्याविषयी तर्कशुद्ध विचार करता येतो. डेव्हिड पार्नास यांनी १९७२ मध्ये माहिती-गोपनाचे तत्त्व मांडले. त्यानुसार पुढे बदलण्याचा संभव असलेला प्रत्येक निर्णय एकाच घटकाच्या आत झाकून ठेवावा, म्हणजे तो बदलला तरी इतर घटकांना धक्का लागत नाही. पुढे रूढ झालेल्या वस्तुनिष्ठ कार्यक्रमणाच्या मुळाशी हेच तत्त्व आहे.

परीक्षण व सिद्धता : परीक्षणाने दोष आहेत हे दाखविता येते, दोष नाहीत हे दाखविता येत नाही. प्रत्येकी ३२ बिटांच्या दोन संख्या घेणाऱ्या साध्या आज्ञावलीला २ चा ६४ वा घात, म्हणजे सु. १८ पुढे १८ शून्ये इतक्या निरनिराळ्या जोड्या देता येतात. सेकंदाला शंभर कोटी जोड्या तपासल्या, तरी त्या संपण्यास सु. ५८५ वर्षे लागतील. म्हणून थोडक्या पण निवडक चाचण्यांची योजना करणे हे एक शास्त्रच झाले आहे. सीमारेषेवरील संख्या, रिकामी माहिती, अनपेक्षित क्रम यांवर त्यात विशेष भर असतो. मायकेल फेगन यांनी १९७६ मध्ये वर्णिलेल्या औपचारिक तपासणीत आज्ञावली संगणकावर न चालविता सहकाऱ्यांकडून ओळीओळीने वाचून घेतली जाते. दोष शोधण्याचा हा मार्ग आजही परिणामकारक मानला जातो.

गणिती सिद्धता हा दुसरा मार्ग होय. ब्रिटिश शास्त्रज्ञ टोनी होर यांनी १९६९ मध्ये आज्ञावलीच्या अचूकतेची सिद्धता देण्यासाठी स्वयंसिद्धांची पद्धत मांडली. पॅरिसमधील १९९८ मध्ये सुरू झालेल्या चालकविरहित मेट्रो मार्ग क्र. १४ च्या सुरक्षाविषयक सॉफ्टवेअरसाठी अशा आकारिक पद्धतीचा वापर झाला. ‘एसईएलफोर’ या परिचालन प्रणालीच्या गाभ्याच्या सु. ८,७०० ओळींची सिद्धता २००९ मध्ये पूर्ण झाली, तिच्यासाठी सु. दोन लाख ओळींची सिद्धता लिहावी लागली. या आकड्यांवरून या मार्गाचे सामर्थ्य व मर्यादा दोन्ही लक्षात येतात. शिवाय कोणतीही आज्ञावली थांबेल की नाही हे ठरविणारी सर्वसामान्य रीत असू शकत नाही, हे ॲलन ट्यूरिंग यांनी १९३६ मध्येच सिद्ध केले होते. विनिर्देशनच चुकीचे असेल, तर त्याबरहुकूम असल्याची सिद्धता निरुपयोगी ठरते.

अपयशाची उदाहरणे : या शाखेचे बरेचसे ज्ञान दुर्घटनांच्या चौकशीतून आलेले आहे. थेरॅक-२५ हे कर्करोगावरील प्रारणोपचाराचे यंत्र कॅनडा व अमेरिका येथील रुग्णालयांत वापरात होते. १९८५ ते १९८७ या काळात त्यापासून सहा रुग्णांना अतिप्रचंड मात्रा मिळाली व त्यांपैकी काही दगावले. या यंत्रात क्ष-किरण व इलेक्ट्रॉन अशा दोन प्रकारच्या शलाका होत्या. चालकाने चुकून क्ष-किरणांचा पर्याय निवडून तो काही सेकंदांतच दुरुस्त केला, तर पडद्यावर दुरुस्ती दिसे. परंतु चुंबके जुळविण्यात गुंतलेल्या आज्ञावलीच्या दुसऱ्या भागाला ती कळत नसे. परिणामी क्ष-किरणांसाठीचा तीव्र इलेक्ट्रॉन प्रवाह मधल्या अडथळ्याशिवाय थेट रुग्णावर पडे. हा दोष सरावलेल्या, भराभर कळा दाबणाऱ्या चालकांच्या हातूनच प्रकट होई. यंत्र संदेश दाखवी तो केवळ एका क्रमांकाचा. असे संदेश दिवसातून अनेकदा येत असल्याने चालक ते ओलांडून पुढे जात. आधीच्या थेरॅक-२० यंत्राच्या सॉफ्टवेअरमध्येही हाच दोष होता. परंतु तेथील विद्युत् यांत्रिक कुलपे अपघात होऊ देत नसत. नव्या यंत्रात सॉफ्टवेअरवर भिस्त ठेवून ती कुलपे काढून टाकण्यात आली होती. ‘मला भाजले’ असे रुग्णांनी सांगितल्यावरही प्रारंभी त्यावर विश्वास बसला नाही.

आखाती युद्धात २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियातील दहरान येथे ‘पेट्रिअट’ या क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणेला येणारे क्षेपणास्त्र अडविता आले नाही व २८ अमेरिकी सैनिक मृत्युमुखी पडले. यंत्रणेचे घड्याळ एकदशांश सेकंदांत मोजत असे व ०·१ ही संख्या द्विमान पद्धतीत २४ बिटांत पूर्णपणे मावत नाही. ही नगण्य चूक साचत जाऊन सु. १०० तासांच्या सलग वापरानंतर ०·३४ सेकंद झाली. तेवढ्या अवधीत क्षेपणास्त्र अर्ध्या किलोमीटरहून अधिक अंतर कापते. यंत्रणा इतका वेळ सलग चालविली जाईल, असे रचनाकारांनी गृहीत धरले नव्हते. सुधारित सॉफ्टवेअर दुसऱ्या दिवशी तेथे पोहोचले.

यूरोपच्या एरियान ५ या अग्निबाणाचे पहिले उड्डाण ४ जून १९९६ रोजी सु. ४० सेकंदांत नष्ट झाले. एरियान ४ साठी लिहिलेला आज्ञावलीचा भाग त्यात जसाच्या तसा घेतला होता. नव्या अग्निबाणाचा क्षितिजसमांतर वेग अधिक असल्याने ६४ बिटांची एक संख्या १६ बिटांत मावली नाही आणि मुख्य व राखीव असे दोन्ही संगणक एकाच कारणाने बंद पडले. तो भाग उड्डाणानंतर निरुपयोगीच होता. पूर्वी निर्दोष ठरलेली आज्ञावली नव्या परिस्थितीत निर्दोष राहतेच असे नाही, हा यातील धडा होय.

हानी नेहमी स्फोटाच्याच रूपाने होते असे नाही. ब्रिटनच्या टपाल खात्यात १९९९ पासून बसविलेल्या ‘होरायझन’ या हिशेबप्रणालीने दाखविलेल्या तुटीच्या आधारे शेकडो उपडाकपालांना चोरी व अफरातफरीबद्दल दोषी ठरविण्यात आले. काहींना कारावास घडला, अनेकांचे दिवाळे निघाले. प्रणालीत दोष असल्याचे न्यायालयाने २०१९ मध्ये मान्य केले आणि संसदेने २०२४ मध्ये खास कायदा करून यांतील बहुतेक शिक्षा रद्द केल्या. यंत्राचा हिशेब चुकत नाही, ही समजूतच येथे अन्यायाचे मूळ ठरली.

परिरक्षण : सॉफ्टवेअरच्या आयुष्यातील खर्चाचा मोठा वाटा ते वापरात आल्यानंतरचा असतो. यात दोषदुरुस्तीपेक्षा नव्या गरजा, नवे कायदे व नवी यंत्रसामग्री यांना अनुसरून करावे लागणारे बदल अधिक असतात. प्रत्येक बदलाबरोबर मूळची रचना थोडी थोडी विस्कटत जाते व तिची डागडुजी वेळेवर न केल्यास पुढचा प्रत्येक बदल महाग पडतो. जागा वाचविण्यासाठी वर्षाचे दोनच अंक साठविण्याची जुनी रीत २००० साली जगभर अडचणीची ठरली, ती याच कारणामुळे. आजचे सॉफ्टवेअर इतरांनी लिहिलेल्या असंख्य घटकांवर उभे असते, त्यामुळे एका ठिकाणचा दोष फार दूरवर पसरतो. एका सुरक्षा सॉफ्टवेअरच्या सदोष सुधारणेमुळे १९ जुलै २०२४ रोजी जगातील सु. ८५ लाख संगणक बंद पडले. भारतातही काही विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून द्यावे लागले.

भारतातील विकास : टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस ही संस्था मुंबई येथे १९६८ मध्ये, म्हणजे गार्मिश परिषदेच्याच वर्षी, सुरू झाली. तिच्याच पुढाकाराने पुणे येथे १९८१ मध्ये स्थापन झालेल्या टाटा संशोधन विकास व अभिकल्प केंद्रात सॉफ्टवेअर निर्मितीची साधने व पद्धती यांवर संशोधन होऊ लागले. २००० सालच्या तारखांच्या दुरुस्तीचे काम मोठ्या प्रमाणावर भारतात आले व त्यातून दुसऱ्यांनी लिहिलेल्या जुन्या आज्ञावल्या वाचून बदलण्याचे कौशल्य येथे वाढीस लागले. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या सॉफ्टवेअर अभियांत्रिकी संस्थेने तयार केलेल्या क्षमता-परिपक्वता प्रतिमानाच्या पाचव्या म्हणजे सर्वोच्च पातळीवर पोहोचलेल्या संस्थांत भारतीय संस्थांचे प्रमाण लक्षणीय होते. तथापि असे प्रमाणन कार्यपद्धतीचे असते. हाती आलेल्या वस्तूच्या गुणवत्तेची ते हमी देत नाही.

व्यावसायिक दर्जा व भवितव्य : सॉफ्टवेअरची रचना ही खऱ्या अर्थाने अभियांत्रिकी आहे काय, हा वाद मिटलेला नाही. पुलाच्या आराखड्यावर परवानाधारक अभियंत्याची सही लागते. बहुतेक देशांत सॉफ्टवेअरसाठी असे बंधन नाही. अमेरिकेत सॉफ्टवेअर अभियंत्यांसाठी २०१३ मध्ये सुरू झालेली परवाना परीक्षा परीक्षार्थींच्या अभावी २०१९ मध्ये बंद करण्यात आली. दुसऱ्या बाजूस, विमानोड्डाण, रेल्वे व अणुऊर्जा या क्षेत्रांत कडक मानके पाळली जातात आणि तेथील अनुभव शिस्तीचे मोल दाखवितो.

भाषिक प्रतिमानांवर आधारलेल्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने २०२० नंतरच्या काळात आज्ञावल्या आपोआप लिहून घेता येऊ लागल्या आहेत. त्यामुळे आज्ञालेखनाचे श्रम कमी होतात. परंतु नेमके काय हवे हे ठरविणे आणि मिळालेले तसेच आहे याची खातरी करून घेणे ही दोन्ही कामे उरतातच. किंबहुना न वाचलेली आज्ञावली वापरात येण्याचा धोका वाढतो. माणसाच्या हातून चूक होणारच हे गृहीत धरून ती लवकर सापडेल, तिचा परिणाम मर्यादित राहील आणि तक्रार करणाऱ्याचे म्हणणे यंत्राच्या आकड्याइतक्याच गांभीर्याने ऐकले जाईल, अशी व्यवस्था उभी करणे हे या शाखेचे मुख्य कार्य आहे.